बैलाची तपासणी होते, धुरकऱ्याची काळजी काहून नाही?

धान घरात आला की आपल्या झाडीपट्टीत दिवसा शंकरपट अन् रात्री नाटक. लहानपणापासून दानीवर उभा राहिलेला माणूस आहे मी. पटाचा विरोधक नाही, हे आधीच सांगतो.

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली तेव्हा आपण सगळे ओरडलो. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. बैलाची पशुवैद्यकाकडून तपासणी, चाबूक-पराणीला बंदी. योग्यच झालं. पण छकड्यावरच्या पोराचं काय?

मागच्या हंगामात एका पटात जोडी दानीबाहेर गेली अन् धुरकरी डोक्यावर आपटला. हेल्मेट नव्हतं. डॉक्टर होता, पण जनावरांचा. पोराला आम्ही कुणाच्या तरी पिकअपमध्ये टाकून नेलं. इकडे माइकवर पुढची जोडी पुकारली, मालकाच्या नावानं. पोरगा वाचला, पण यंदा रोवणीला बांधीत उतरला नाही. खर्चासाठी बापानं धान विकला.

कुणी म्हणेल, खेळ आहे, पडणं-झडणं चालायचंच. अमेरिकेत नॅस्कारच्या कार शर्यतीत डेल अर्नहार्ट सात वेळा चॅम्पियन होता. मानेला आधार देणारा पट्टा त्याला नको होता. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. त्याच वर्षी नॅस्कारनं तो पट्टा सक्तीचा केला. त्यानंतर त्या मुख्य मालिकेत शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावला नाही. शर्यत बंद पडली का? नाही.

तेवढं लांब काहून जायचं? २०२२ मध्ये आपल्याच सरकारनं दहीहंडीच्या गोविंदांना विमा दिला, मृत्यू झाल्यास १० लाख. मुंबईच्या थरावरचा पोरगा पोरगा, अन् चंद्रपूर-गडचिरोलीच्या दानीवरचा कोण?

"अटी वाढवल्या तर पट बंद पडेल," म्हणता? मंडप, डीजे, पाहुण्यांचे हारतुरे, बॅनर यांना पैसा पुरतो. चार हेल्मेट अन् एक ॲम्ब्युलन्स जड जाते?

मागणी साधी आहे. धुरकऱ्याचा विमा, हेल्मेट अन् माणसांचा डॉक्टर असल्याशिवाय परवानगी देऊ नका. निकाल पुकारताना मालकासोबत धुरकऱ्याचंही नाव घ्या. अन् बक्षिसात त्याचा वाटा आधीच ठरवा, मालकाच्या मर्जीवर सोडू नका.

पुढच्या पटाच्या बैठकीत मी हे उभं राहून बोलणार आहे. कोण कोण सोबत आहे, सांगा नं भाऊ.