परवाना रानडुकराचा, बळी वाघिणीचा

वर्धा / प्रतिनिधी

आफ्रिकेत प्रथमच शिकारीला जाणाऱ्या हौशी पाहुण्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो प्राण्याच्या निवडीचा. हत्ती-सिंहांच्या वाटेला न जाता इंपाला, कुडू यांसारखी हरणे किंवा वॉर्टहॉग हे तिकडचे रानडुक्कर यांपासून प्रारंभ करावा, असा सल्ला जाणकार देतात. प्राणी कोणता आणि त्याचे शुल्क किती, हे आधी ठरते. बंदूक नंतर उचलली जाते. वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला शिकारीची हौस नाही. तरीही कोणता प्राणी मारता येईल, हा प्रश्न त्याच्या बांधापर्यंत येऊन ठेपला आहे.

बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अवघ्या १३८ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला शेते खेटून आहेत. तूर, हरभरा, सोयाबीन रानडुकरे आणि रोही एका रात्रीत आडवे करतात. जागलीला जावे तर वाघाची धास्ती, न जावे तर पीक हातचे जाते.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये निवड स्पष्ट आहे. काळविटाला पहिल्या अनुसूचीचे कवच आहे. रानडुक्कर आणि रोही उभ्या पिकाला घातक ठरल्यास कलम ११ अन्वये परवानगीने मारता येतात. राज्य शासनाने २०१५ मध्ये ही परवानगी सुलभ करणारा निर्णय काढला. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात रानडुकरे मारली गेली, तेव्हा २०१६ मध्ये मनेका गांधी आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर या केंद्रातील दोन मंत्र्यांतच जाहीर खडाजंगी झाली.

दिल्लीत वाद रंगला. पण परवानगीचा कागद हाती आलेल्या शेतकऱ्याजवळ बंदूक कुठे असते? परवानाधारक नेमबाज शोधायचा, रात्रभर दबा धरायचा आणि एवढे करून मारलेल्या प्राण्यावर मालकी शासनाची. नामिबियात १९९६ च्या कायद्यानंतर गावांच्या संवर्धन क्षेत्रांना शिकारीच्या शुल्कातील वाटा मिळतो, मांसही गावात वाटले जाते. तिथल्या शिकारीवरही टीका होतेच. मात्र गावाला जनावराचे काही मोल उरते. इकडे रानडुक्कर जिवंत असो वा मेलेले, शेतकऱ्याच्या पदरी खर्चच.

मग सोपा मार्ग निघतो. खांबावरून आकडा टाकून तारेत वीजप्रवाह सोडला जातो. हा उघड गुन्हा आहे आणि त्यात माणसेही दगावतात. शिवाय तारेला अनुसूची वाचता येत नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडलेली एक वाघीण जुलै २०१७ मध्ये बोरमध्ये सोडण्यात आली. माणसांवरील हल्ल्यांनंतर तिला ठार मारण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. तिला मारावे की वाचवावे, यावर वन्यजीवप्रेमी आणि वनखाते यांच्यात काथ्याकूट झाला. अखेर ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यातील एका शेताच्या वीजप्रवाहित कुंपणाने ती गेली. जिच्या जिवाचा निर्णय न्यायासनापुढे होत होता, तिचा फैसला रानडुकरासाठी लावलेल्या तारेने केला.

हा पेच या जिल्ह्याला नवा नाही. पिके फस्त करणाऱ्या माकडांविषयी गांधीजींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिले होते. अहिंसेच्या या उपासकाने शेतीचा नाश करणाऱ्या प्राण्यांना मारणे सरसकट त्याज्य ठरवले नव्हते, हे सेवाग्रामच्या जिल्ह्यात आज फारसे कुणी आठवत नाही.

व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. त्याचा झटका क्षणिक असतो, जीव घेत नाही. मात्र झटका खाऊन परतलेला कळप उपाशी राहत नाही. तो कुंपण नसलेल्या शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरतो, आणि आकडा टाकण्याचा मोह आता त्या शेजाऱ्याला होतो.