न उडालेल्या विमानांची आरती बंद करा

रुक्म, शकुन, सुंदर, त्रिपुर. ही चार नावं गेली काही वर्षं मी सोलापुरात शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत, प्रवचनांत, लग्नाच्या पंगतीत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत ऐकतो आहे. प्राचीन भारताची ही लढाऊ विमानं, या ग्रहावरून त्या ग्रहावर जाणारी, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो, की अशी विमानं कधीच नव्हती. ती उडूच शकत नाहीत हे पन्नास वर्षांपूर्वी गणित मांडून दाखवलं गेलं आहे. तरीही जो माणूस ती पोरांना इतिहास म्हणून शिकवतो, तो पोरांची फसवणूक करतो.

ही विमानं येतात ‘वैमानिक शास्त्र’ या पुस्तकातून. नाव भरद्वाज ऋषींचं, पण मजकूर सांगितला पंडित सुब्बराय शास्त्री यांनी, १९१८ ते १९२३ या काळात. १९२३ मध्ये बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एल्लप्पा यांनी शास्त्रीबुवांच्या सांगण्यावरून आकृत्या काढल्या. तोवर राइट बंधूंचं विमान उडून वीस वर्षं झाली होती, आणि पहिल्या महायुद्धात आकाशातल्या लढायाही होऊन गेल्या होत्या.

पुस्तकात वैमानिकासाठी बत्तीस रहस्यं दिली आहेत. ‘गूढ’ आणि ‘अदृश्य’ म्हणजे शत्रूच्या नजरेआड होणं. ‘परशब्दग्राहक’ म्हणजे दुसऱ्या विमानातलं बोलणं ऐकणं. ‘जलदरूप’ म्हणजे ढगाचं रूप घेणं, ‘सार्पगमन’ म्हणजे सापासारखं वळत जाणं, ‘स्तब्धक’ म्हणजे शत्रूला बेशुद्ध पाडणं. कल्पना म्हणून हे सगळं मला मनापासून आवडतं. कुणी मराठी लेखकाने यावर कादंबरी लिहिली, चार जातींच्या विमानांचं अख्खं आरमार उभं केलं, त्यांच्या लढाया रंगवल्या, तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन. जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, त्या कथा म्हणूनच लिहिल्या. कल्पनेला कल्पना म्हणण्यात कमीपणा नाही. माझं भांडण आहे ते कल्पनेवर पुराव्याचा शिक्का मारणाऱ्यांशी.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी हे पुस्तक तपासलं. मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू. यांना पाश्चात्त्यांचे हस्तक म्हणण्याची सोय कुणालाही नाही, यातले एच. आर. नागेंद्र पुढे योगाच्या प्रसारासाठी देशभर ओळखले गेले. या पाचांनी आधी भाषा पाहिली. ती वैदिक नव्हे, अलीकडची निघाली. मग आकृत्या पाहिल्या. मजकूर एक सांगतो, चित्र भलतंच दाखवतं, आणि चित्रांतले यंत्रभाग विसाव्या शतकातल्या कारखान्यातले. मग गणित मांडलं. यातलं एकही विमान उडण्याजोगं नाही, उलट त्याला ढकलण्याची म्हणून दिलेली तत्त्वं उड्डाणाच्या आड येतात, हा त्यांचा निष्कर्ष. तो खोडून काढायचा तर समोर दुसरं गणित मांडावं लागतं. ते मांडायला कुणी येत नाही, नुसत्या भावना दुखावतात.

आणि शिवकर बापूजी तळपदे? १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांचं ‘मरुत्सखा’ दीड हजार फूट उडालं, असं सांगतात. ‘केसरी’त बातमी आली होती असं प्रत्येक लेखात असतं, त्या अंकाचं कात्रण जोडलेलं मी एकाही लेखात पाहिलं नाही. वर सांगितलेल्या अभ्यासात उलटीच नोंद आहे: शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी नमुने बनवून पाहिले, पण एकही उडाला नाही. एक माणूस धडपडला, जमलं नाही. त्याची खरी धडपड पुसून तिथे चमत्कार लिहिणं हा त्या माणसाचाच अपमान आहे. २०१५ च्या जानेवारीत तर मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्ये, देशभरच्या शास्त्रज्ञांसमोर, ही ग्रहांवरून ग्रहांवर जाणारी विमानं निबंध म्हणून वाचली गेली. ज्यांनी त्या निबंधाला व्यासपीठ दिलं, त्यांना माफी नाही.

आमच्या शहरातल्या एका प्रदर्शनात सातवीतल्या मुलीने थर्माकोलचं रुक्म विमान केलं होतं. वर निमुळते होत गेलेले मजले, त्यावर सोनेरी रंग, कडेला पुठ्ठ्याच्या नळ्या. सुबक काम होतं. मी विचारलं, “बाळ, हे उडतं कशावर?” म्हणाली, “पाऱ्यावर.” “पारा काय करतो?” तिने शिक्षकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “सर, ते गुप्त ज्ञान आहे.” मुलगी गप्प झाली. इतकी हुशार बोटं असलेल्या पोरीचा प्रश्न तिच्याच शिक्षकांनी तिथल्या तिथे मारला, याचा संताप माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या सभागृहात वालचंद हिराचंद यांचा साधा फोटोही नव्हता. हा माणूस १८८२ साली याच सोलापुरात जन्मला. रेल्वेची कंत्राटं घेत वर आला, सिंदिया कंपनीतून इंग्रजांच्या जहाज कंपन्यांशी भिडला. १९३९ मध्ये प्रवासात विल्यम पॉली हा अमेरिकन विमान व्यावसायिक भेटला, आणि वालचंदांनी भारतात विमानाचा कारखाना काढायचं मनावर घेतलं. म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवल दिलं, डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली, आणि १९४१ मध्ये तिथे जुळवलेलं हार्लो जातीचं प्रशिक्षण विमान हवेत गेलं. पुढच्याच वर्षी सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. आज ‘तेजस’ बनवणाऱ्या एचएएलचं मूळ तेच. त्यांच्या नावाच्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग बनली. आकाशाकडे झेपावलेलं सोलापूरचं खरं नाव हे आहे, आणि आमच्या पोरांना ते माहीत नाही.

विमान उडायला काय लागतं हे तर सोलापूरकराला कुणी शिकवायलाच नको. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते की नाही, यावर इथे वर्षानुवर्षं भांडणं झाली, कोर्टकज्जे झाले. १५ जून २०२३ ला ती पाडली. गोव्याचं विमान सुटायला ९ जून २०२५ उजाडलं. चिमणी पाडायला नको होती म्हणणारे आणि पाडाच म्हणणारे, दोघंही मीटर आणि अंतराच्या भाषेतच भांडत होते, कारण खऱ्या विमानाचा विषय त्याच भाषेत निघतो.

रुक्मालाही तीच भाषा लावा. ते उडालं असं म्हणणाऱ्यांनी त्याचं वजन किती, ते उचलायला बळ किती लागलं आणि ते आलं कुठून, एवढं फळ्यावर लिहावं, आणि ते त्याच मुलांसमोर लिहावं. दिवस त्यांनी ठरवावा, मी येतो.