कंबरदुखी : ऑपरेशनची घाई नको

भाव पडले की शेतकऱ्याचे कंबरडे मोडले, असे आपण म्हणतो. पण शेतात राबणाऱ्याचे खरोखरचे कंबरडे रोज थोडे थोडे मोडत असते, त्याकडे कुणाचे लक्ष नाही. भातलावणी, कांदा लागवड, खुरपणी ही कामे दिवसभर वाकून करावी लागतात आणि त्यात बायाबापड्याच जास्त. ऊसतोड मजूर डोक्यावर मोळी घेऊन गाडीत चढतो. युरियाची गोणी २०१८ मध्ये ५० किलोवरून ४५ किलोची झाली, तरी येते ती एकट्याच्याच पाठीवर.

कंबर धरली की गावातले मार्ग ठरलेले. आधी चोळून घ्यायचे, नाहीतर पायाळू माणसाची लाथ. मग गोळी, इंजेक्शन. तेवढ्याने भागले नाही की शहरात जाऊन फोटो काढायचा. तिथे ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’ असे शब्द कानावर पडले की घर हादरते. ऑपरेशनसाठी जनावर विकायचे की जमीन गहाण टाकायची, हा विचार त्याच रात्री सुरू होतो.

आमचे सांगणे एवढेच, की ही घाई करू नये. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वयाप्रमाणे केस पिकतात तशी तीही झिजते. कसलेच दुखणे नसलेल्या लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे फोटोत दिसते तेच दुखण्याचे कारण असते, असे नाही. गादी सरकून नस दबली आणि पायात कळ उतरली, तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बिनऑपरेशनचा उतार पडतो. बाहेर आलेला भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो.

मग करायचे काय? नेमके कारण सापडत नाही अशा जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. दुखणे समजावून सांगणे, शिस्तीचा व्यायाम, मालिश यांसारखे उपचार आणि गरजेपुरती वेदनाशामक औषधे, यांवर त्यांत भर आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून ताण देणे हे उपाय सरसकट करू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. अंथरूण धरून पडणे तर नकोच. दोन दिवस बेताने घ्यावे, मग हळूहळू चालायला लागावे. वेदनाशामक गोळी दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाऊ नये. तिने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?’ असे शेतकरी बांधव विचारतील. राबताना कंबर एकाच बाजूला वाकते आणि त्याच जागी ताण बसत राहतो. व्यायामाने पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट होतात व तो ताण वाटून घेतात. नुसत्या चालण्याचाही गुण आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमाने चालणाऱ्यांचे दुखणे उलटायला जवळपास दुप्पट दिवस लागले. कोणता व्यायाम कुणाला सोसेल, हे मात्र फिजिओथेरपिस्टकडूनच समजून घ्यावे.

ऑपरेशन वाईट असे आम्ही म्हणत नाही. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासे झाले, तर एक दिवसही न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. तिथे उशीर म्हणजे कायमचे अपंगत्व. ताप, वजन घटणे किंवा पडल्याने झालेली इजा सोबत असेल, तरी तपासणी लगेच करावी.

पण मजुरी बुडाली की चूल थंड, अशा घराला नुसता विश्रांतीचा सल्ला देऊन चालत नाही. काम बदलता येत नसेल तर कामाची पद्धत बदलावी. गोणी दोघांनी उचलावी. सायकल कोळपे आणि लांब दांड्याची अवजारे घेतली, तर वाकणे कमी होते. सोळा लिटरचा फवारणी पंप काठोकाठ भरलाच पाहिजे असे नाही. खुरपणाऱ्या बायांना तासाभराने उभे राहून कंबर मोकळी करू द्यावी. त्या पाच मिनिटांची मजुरी कुणी कापू नये.

ग्रामपंचायतींनीही मनावर घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने हंगामाआधी गावात फिजिओथेरपिस्टचे एक शिबिर भरवायला फार खर्च येत नाही. बैलाच्या खांद्याला सूज आली की आपण त्याला जुंपत नाही. माणसाच्या कंबरेला तेवढी तरी सवलत मिळावी.