वळणदिव्याची तक्रार

चौक जवळ येतो, चालक सुकाणूजवळची दांडी हलवितो आणि मोटारीच्या कडेचा नारिंगी दिवा उघडझाप करू लागतो. मागून सायकलवर येणारा शाळकरी मुलगा तो दिवा पाहून वेग आवरतो. दिवा लागलाच नाही, तर तो मुलगा सरळ पुढे येईल आणि मोटार त्याच्या अंगावर वळेल. म्हणून वळणदिव्याचा बिघाड क्षुल्लक समजणे योग्य नव्हे.

पूर्वी चालक खिडकीतून हात बाहेर काढून इशारा करीत. १९३९ साली अमेरिकेत ब्यूइक मोटारींवर उघडझाप करणारे दिवे आले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. मात्र आपला हात बाहेर आहे की नाही, हे चालकाला कळत असे. गाडीमागचा दिवा गेलेला त्याला दिसत नाही. ही वार्ता त्याला कानांनी कळते.

दिव्यांची उघडझाप फ्लॅशर नावाचा भाग करवितो. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असे. विजेने ती तापून वाके, प्रवाह तुटे. निवली की पुन्हा टेके. आता हे काम इलेक्ट्रॉनिक रचना करते. कित्येक नव्या गाड्यांत तर ती परिचित टिकटिकही मुद्दाम निर्माण केलेली असते! मिनिटाला ६० ते १२० उघडझापी ही तिची रीत. १२ व्होल्टवर चालणारा २१ वॉटचा बल्ब सुमारे पावणेदोन अँपियर वीज घेतो. तो जळाला की प्रवाह घटतो, फ्लॅशर ते ओळखतो आणि टिकटिक जवळजवळ दुप्पट वेगाने होऊ लागते.

अशा वेळी पुष्कळ लोक फ्लॅशरच बदलावयास धावतात. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. ज्याने वर्दी दिली, त्यालाच ते दोषी ठरवितात. अर्थात फ्लॅशरचीही फसगत होते. हौसेने बसविलेला एलईडी दिवा इतकी थोडी वीज घेतो की, तो धडधाकट असूनही फ्लॅशर घाईने टिकटिक करतो.

जाणता कारागीर आधी हत्यार उचलीत नाही. तो लाल त्रिकोणाची कळ दाबतो आणि गाडीभोवती एक फेरी मारतो. चारही कोपऱ्यांचे दिवे उघडझाप करू लागले, तर बल्ब आणि त्यांच्या तारा शाबूत आहेत. मग संशय दांडीच्या स्विचवर. एकही दिवा लागला नाही, तर प्रथम फ्यूज पाहावा. एकच दिवा रुसला असेल, तर बल्ब काढून त्याची तार तुटली आहे का ते पाहावे.

खरी कसोटी लागते ती दिवा मंद जळतो तेव्हा. अशा वेळी नवा बल्ब आणणारा मनुष्य पैसे आणि वेळ दोन्ही दवडतो. दिव्यातून गेलेली वीज बहुतेक मोटारींत गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत जाते. सांगाड्याला जोडलेला तारेचा सांधा गंजला की तिची वाट अडते. मग ती शेजारच्या दिव्यातून वाट काढते आणि वळणदिव्याबरोबर मागचा तांबडा दिवाही लुकलुकू लागतो. पावसाळ्यानंतर हे विशेष आढळते. कारागीर त्या सांध्याचा स्क्रू सोडवितो, पॉलिश कागदाने गंज घासून काढतो, स्क्रू पुन्हा घट्ट आवळतो. तोच जुना बल्ब लख्ख पेटतो.