अ‍ॅप अडखळतंय? नवा फोन घेण्याआधी हे वाचा

ट्रॉम्बेहून बस पकडायची आणि तिकिटाचं अ‍ॅप नेमकं तेव्हाच गोठतं. फोन २-३ जीबी रॅमचा असला की दोष त्यालाच दिला जातो. अनेकदा गळती अ‍ॅपमध्येच असते.

अँड्रॉइड फोन आडवा केला की सहसा जुनी स्क्रीन मोडून नवी तयार होते. जुनीची मेमरी ‘गार्बेज कलेक्टर’ परत मिळवतो. पण लोकेशन घेणारा एखादा ‘लिसनर’ बंद करायचा राहिला, तर तो जुन्या स्क्रीनला धरून बसतो. फोन दहा वेळा फिरवा, दहा स्क्रीन साचतात. मग अ‍ॅप मंदावतं, शेवटी बंद पडतं.

हे शोधणं आता अवघड नाही. ‘स्क्वेअर’ कंपनीचं ‘लीककॅनरी’ २०१५ पासून मोफत मिळतं. स्क्रीन बंद झाल्यावर ते ५ सेकंद थांबतं आणि मेमरी सुटली नसेल तर ती कोणी अडवली, त्याची साखळीच दाखवतं. तरीही गळकं अ‍ॅप लोकांच्या हाती येत असेल, तर तो निव्वळ निष्काळजीपणा. महागड्या फोनवर चाचणी केली की गळती लवकर जाणवत नाही. भुर्दंड मात्र स्वस्त फोनवाल्याला.

तोवर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोर्स स्टॉप’ करा, अडकलेली मेमरी सुटते. ‘रॅम क्लीनर’च्या नादी लागू नका; दुसऱ्या अ‍ॅपच्या कोडमधली गळती त्याला बुजवता येत नाही.