हमी कोणाची?

चांदूर रेल्वेच्या एखाद्या कुटुंबाने कर्ज काढून अनपेक्षित नावाची मोटार दारी आणली, की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : उद्या कंपनीनेच गाशा गुंडाळला तर सुटे भाग कोण देणार? प्रश्न रास्त आहे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने २०१७ अखेर शेव्हरोले गाड्यांची भारतातील विक्री थांबविली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले. तिच्या गुजरातेतील हालोलच्या कारखान्यातून २०१९ पासून एमजी गाड्या निघू लागल्या. नाव ब्रिटिश, मालक तेव्हा चिनी. तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. यंत्रांना नवा धनी लाभला. ग्राहकांना सुट्या भागांचे आश्वासन तरी मिळाले. तळेगावच्या कामगारांच्या वाट्याला मात्र कपात आणि न्यायालयाचे उंबरठे आले.

एस.टी.ची वाट पाहून थकलेल्या कुटुंबाने मोटार घ्यावी, यास आमचा विरोध नाही. परंतु गाडीची हमी विचारताना ती घडविणाऱ्या हातांना कोणती हमी आहे, हेही विचारले पाहिजे. भांडवल गाव बदलते. कुटुंबाचे हप्ते आणि कामगाराची चूल जागीच राहतात. या दोघांचा प्रश्न एकच आहे, हे चांदूरच्या चौकात समजावून सांगणे कार्यकर्त्यांचे काम आहे.