कर्जतचा थांबा

'मुंबईपासून फक्त दोन तास, निसर्गाच्या कुशीत वन बीएचके!' कर्जतच्या या जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. धबधबे, फार्महाऊस, स्विमिंग पूल... सगळं असतं त्यात. नसतं ते फक्त इंजिन, ज्याच्यामुळे हे गाव एवढं वाढलं!

मी मूळची कळमनुरीची. आमच्या गावात स्टेशनच नाही. गाडी पकडायची तर आधी एसटीने हिंगोली गाठा. त्यामुळे रेल्वेवर जगणाऱ्या गावांचं मला जरा जास्तच अप्रूप. आणि कर्जत तर रेल्वेच्या अडचणीवर मोठं झालेलं गाव.

अडचण म्हणजे बोरघाट. 1856 मध्ये मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत आली, 1858 मध्ये खंडाळा-पुणे सुरू झालं. मधला घाट मात्र पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून चढायचा! (आपण एक्स्प्रेस-वेवरच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो.) 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इथे येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, खचून न जाता ते कंत्राट पुढे नेलं. 1861 मध्ये घाटात तब्बल 42 हजार मजूर राबत होते. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

1863 मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. चढ 37 फुटांमागे 1 फूट. बाईकवर तुम्हाला जाणवणारही नाही, पण रेल्वेला एवढा चढ म्हणजे दमछाक. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. ही 'बँकर' इंजिनं गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात. ती जोडायची तर गाडी थांबवायलाच हवी. अगदी डेक्कन क्वीनसुद्धा!

दिवाडकरांचा वडा फेमस झाला तो याच थांब्यावर. फलाटावरचं गणित एकदम सोपं. इंजिन जोडायला जेवढी मिनिटं, तेवढाच धंदा.

10 फेब्रुवारी 2023 ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत, मागून ढकलायला कुणी लागत नाही. कर्जतला ती थांबत नाही आणि थांबली तरी खिडकी उघडत नाही. उद्या सगळ्याच गाड्या अशा झाल्या तर?

'लोकल आहे की!' असं बिल्डर म्हणतील. आहेच. सीएसएमटीपासून सुमारे 100 किलोमीटर येणारी लोकल हे आता कर्जतचं दुसरं आयुष्य आहे. पण एक्स्प्रेसचा प्रवासी खिडकीतून हात काढून दोन वडापाव घेतो. लोकलवाला दोन तास उभा राहून आलेला असतो. त्याला रिक्षाच्या लायनीत पहिला नंबर हवा असतो, वडा नको.